महिला विकास कार्यालयाच्या अहवालात 'परिणाम' कसा दाखवायचा?
'किती प्रशिक्षणं, किती महिला' एवढंच आम्ही कळवतो, वरून परिणाम विचारतात, हा तुमचा प्रश्न. हजेरीपट हा परिणाम नव्हेच. ४० शिलाई मशिनं वाटली हे काम झालं. सहा महिन्यांनी किती जणी त्यावर कमावतात, हा परिणाम. केंद्राच्या अर्थसंकल्पासोबत २००५-०६ पासून जेंडर बजेटचं निवेदन (महिलांसाठी कुठे किती पैसा ठेवला त्याचा तक्ता) येतं, तेही तरतूद सांगतं, बदल नाही.

माझा अनुभव बचत गटांचा. कर्ज बाईच्या नावावर, म्हैस तिच्या गोठ्यात, शेण-चारा तिच्याकडे, आणि डेअरीचं बिल नवऱ्याच्या खात्यात. आमच्या तक्त्यात मात्र ती 'लाभार्थी'! शेवटी एकच रकाना वाढवला: दुधाचा पैसा कुणाच्या खात्यात? त्या एका रकान्याने आमच्या बैठकांचा सूरच बदलला.

काम सुरू करण्याआधीची स्थिती नोंदवा, नाहीतर फरक कशाशी मोजणार? निर्देशक, म्हणजे बदल मोजायच्या खुणा, पाच-सहाच ठेवा. पन्नास रकाने दिले की मार्चअखेरीस ते अंदाजपंचे भरले जातात (मीही भरलेत). दर तिमाहीला तेच आकडे समोर ठेवून पुढचा पैसा कुठे वळवायचा ते ठरवा. आणि फसलेलं लपवू नका, कारणासकट लिहा.