बीपी, सुटलेलं पोट आणि युरिक ॲसिड ७.६ : गोळीआधी काय बघायचं

तुमची माहिती अशी : वय ४८, पुरुष, उंची १६८ सेंमी, वजन ७१ किलो, कंबर ९८ सेंमी. बीपीसाठी टेल्मिसार्टन ४० आणि क्लोरथॅलिडोन १२.५ अशी एकत्र गोळी. सांधे कधी दुखले नाहीत, मुतखडा नाही, पण युरिक ॲसिड ७.६ (मिग्रॅ/डेसीलिटर) आलंय. युरिक ॲसिड कमी करणारी ॲलोप्युरिनॉल ही गोळी सुरू करायची का आणि कडधान्यं बंद करायची का, हे तुम्ही विचारलंय. माझ्या मते दोन्हीची घाई नको. आधी कंबर आणि चालू असलेली गोळी बघा.

बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २५ च्या आसपास, म्हणून पोटाकडे दुर्लक्ष होतं. पण कातडीखालची चरबी आणि आतड्यांभोवती, यकृतात साठलेली चरबी यांचे गुण वेगळे. आतल्या चरबीतून फॅटी ॲसिड थेट यकृताकडे जातात, शरीर इन्सुलिनला नीट दाद देईनासं होतं आणि स्वादुपिंड ते जास्त सोडू लागतं. हे वाढीव इन्सुलिन मूत्रपिंडाला सोडियमही परत शोषायला लावतं आणि युरिक ॲसिडही. सोडियम अडकलं की बीपी चढतं, युरिक ॲसिड अडकलं की रिपोर्टमध्ये ७.६ दिसतं. युरिक ॲसिडचा साधारण दोन तृतीयांश निचरा मूत्रपिंडातून होतो आणि बहुतेकांचं दुखणं जास्त तयार होण्याचं नसतं, कमी बाहेर पडण्याचं असतं. म्हणून नुसतं पथ्य पाळून आकडा फारसा हलत नाही. कडक पथ्यानेही तो जेमतेम १ ने उतरतो.

कंबर पँटच्या मापावरून धरू नका. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप आडवा लावा, पोट आत न ओढता श्वास सहज सोडा आणि मग वाचा. दक्षिण आशियाई पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंमी ही धोक्याची रेषा मानतात. दुसरा सोपा निकष म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवी. तुमच्यासाठी ते ८४ होतात, म्हणजे १४ सेंमी जादा.

आता गोळी. क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड ही लघवी वाढवणारी औषधं युरिक ॲसिड वाढवतात, आणि डोस जितका मोठा तितकं जास्त. लॉसार्टन हे बीपीचंच दुसरं औषध मात्र युरिक ॲसिड लघवीवाटे थोडं बाहेर काढतं. टेल्मिसार्टनकडून तशी अपेक्षा ठेवू नका. बदल शक्य आहे का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. स्वतःहून गोळी बंद करू नका. सूज किंवा हृदयाच्या त्रासासाठी दिली असेल तर ती लागतेच. कमी डोसच्या ॲस्पिरिननेही आकडा थोडा वाढतो, पण हृदयासाठी दिलेली असेल तर या कारणाने ती सोडायची नाही.

कडधान्यं, पालक, मशरूम यांच्यावर उगाच संक्रांत येते. वनस्पतींतल्या प्युरिनने (ज्यापासून शरीरात युरिक ॲसिड बनतं) गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडचे खडे साठून होणारी सांधेदुखी, वाढल्याचं मोठ्या पाहण्यांत दिसलेलं नाही. लाल मांस, कलेजीसारखे अवयव, काही मासे, दारू (त्यातही बिअर) आणि साखरेची पेयं आवरा. फ्रुक्टोज यकृतात झपाट्याने फॉस्फेट खातं, एटीपी (पेशीचं इंधन) संपतं आणि त्याच्या तुकड्यांतून युरिक ॲसिड बनतं. पॅकबंद फळांचा रसही यातच धरा.

वजन उतरवताना सर्रास होणारी चूक म्हणजे उपास आणि अतिशय कमी कार्ब. कीटोन (चरबी जळताना तयार होणारे पदार्थ) वाढले की ते लघवीच्या वाटेवर युरिक ॲसिडशी स्पर्धा करतात, आकडा उलट चढतो आणि ज्याला गाऊट आहे त्याचा पायाचा अंगठा ठणकायला लागतो. आठवड्याला अर्धा किलो पुरे. पहिलं लक्ष्य ५ टक्के, म्हणजे साडेतीन किलो. कंबर आणि बीपी दोन्ही वहीत लिहा. वजन अडून बसलं तरी कंबर उतरत असेल तर काम चाललंय.

तपासणी तीन महिन्यांनी पुन्हा करा. आदल्या दिवशी दारू आणि दमवणारा व्यायाम टाळा, पाणी नीट प्या. सोबत क्रिएटिनिन, उपाशीपोटी साखर, ट्रायग्लिसराइड आणि सोडियम-पोटॅशियमही बघा.

ॲलोप्युरिनॉलबद्दल : २००८ च्या एका छोट्या चाचणीत, नव्याने बीपी निघालेल्या किशोरवयीनांचं बीपी तिने उतरलं होतं, त्यावरून बरीच आशा लागली. मात्र २०२२ च्या ऑल-हार्ट चाचणीत, ५,७०० हून अधिक हृदयरुग्णांत, तिने हार्ट अटॅक किंवा स्ट्रोक टळले नाहीत. त्रास नसताना नुसत्या ७.६ वर ती सहसा देत नाहीत. गाऊटचे झटके वारंवार येत असतील, गाठी झाल्या असतील किंवा युरिक ॲसिडचे खडे होत असतील तर गोष्ट वेगळी. तेव्हा १०० मिग्रॅ किंवा त्याहून कमीने सुरू करून ६ च्या खाली आणतात. ती घेताना अंगावर पुरळ उठलं, ताप आला किंवा तोंडात फोड आले तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.