सोलरच्या आधी बिलं काढा

अरे, सोसायटीचा नवीन सेक्रेटरी झालायस तर सगळ्यात आधी सोलरवाल्याला फोन करू नकोस, आम्ही तेच केलं आणि फसलो. आधी कॉमन मीटरची 12 महिन्यांची बिलं काढ आणि कुठे किती युनिट जातात ते बघ. आमच्या 30 वर्षं जुन्या बिल्डिंगमध्ये खरा खादाड निघाला पाण्याचा पंप, टाकी भरून वाहतेय आणि वॉचमन झोपलाय, रोज हेच. लेव्हल सेन्सर (टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारा) बसवला आणि बिल लगेच खाली आलं.

मग घराघरातले पंखे. जुना पंखा साधारण 75 वॅट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा) 30च्या आसपास, म्हणजे 12 तास चालला तर 0.9 युनिटऐवजी 0.36. गच्चीवर पांढरा रिफ्लेक्टिव्ह कोट मार, पण आधी वॉटरप्रूफिंग कर हां, नाहीतर पॅनल लागल्यावर गळती निघाली की सगळं स्ट्रक्चर उचलावं लागतं (काकूंच्या शिव्या वेगळ्या).

हे सगळं झाल्यावर सोलर. आपल्याकडे 1 किलोवॅटला दिवसाला साधारण 4 युनिट धर, जागा अंदाजे 100 चौरस फूट. टाकीची सावली डिसेंबरात बघ, तेव्हा ती लांब पडते. आमच्या व्हेंडरने मे महिन्यात मापं घेतली, आता हिवाळ्यात एका पॅनलवर सावली आली की अख्खी स्ट्रिंग (एकाला एक जोडलेल्या पॅनलची रांग) ढेपाळते. नेट मीटरिंगचा (जास्तीची सोलर वीज ग्रिडला देऊन बिलातून वजा करून घ्यायची सोय) अर्ज महावितरणकडे करायचा, आणि पीएम सूर्यघर या केंद्र सरकारच्या सोलर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापराला किलोवॅटमागे 18,000 रुपये सबसिडी आहे ती सोडू नकोस.