शेवग्याचा पाला खाऊन रक्तातील लोह भरून निघते का?

थोडक्यात उत्तर असे, की पाल्याची मदत निश्चित होते, पण हिमोग्लोबिन बरेच उतरले असेल तर केवळ पालेभाजीवर विसंबून राहू नये. पानांतील लोह मासे-मटणातील लोहापेक्षा शरीरात कमी प्रमाणात शोषले जाते, त्यामुळे भाजी किती खाल्ली याइतकेच ती कशासोबत खाल्ली हेही महत्त्वाचे ठरते.

आपल्या कोकणात गोकुळाष्टमीला शेगलाची, म्हणजे शेवग्याच्या पाल्याची, भाजी आवर्जून होते. ती वर्षातून एकदाच न करता आठवड्यातून दोन-तीनदा करावी, असे मला मनापासून वाटते. पाला रात्री फडक्यात गुंडाळून ठेवला, की सकाळी पाने देठांपासून सहज सुटतात. भाजी लोखंडी कढईत परतावी, ओले खोबरे घालावे आणि लिंबू मात्र उतरवल्यावरच पिळावे, कारण क जीवनसत्त्व लोहाचे शोषण वाढवते आणि उष्णतेने ते नष्ट होते. सोबत तिसऱ्या (शिंपल्या) किंवा बांगडा असेल तर पाल्यातील लोहही अधिक शोषले जाते. टाकळा आणि लाल माठही चांगलेच. जेवणावर लगेच चहा घेण्याची सवय मात्र सोडावी; निदान एक तास जाऊ द्यावा.

गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या आणि गरोदरपणात ११ ग्रॅमच्या खाली असेल, तर डॉक्टरांना दाखवून लोहाच्या गोळ्या घ्याव्यात आणि बरे वाटू लागले म्हणून त्या मध्येच थांबवू नयेत. पाळीत रक्तस्राव फार होत असेल किंवा पोटात जंत असतील, तर आधी त्यावर उपचार व्हायला हवेत.