आईने काढून घेतलेली पत्रे

एका वाचक भगिनींचे पत्र :

“माझे वडील दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात फिटर होते आणि १९४४-४५ मध्ये ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते. त्यापूर्वी थोडेच दिवस आधी त्यांचे लग्न झाले होते. गेल्या वर्षी आई गेली. तिच्या कपाटात, वडिलांनी तिला तिकडून लिहिलेल्या पत्रांचा गठ्ठा सापडला. मोठ्या आशेने वाचायला बसले, पण एकाही पत्रात जिव्हाळ्याचा शब्द नाही. एकोणतिसावे पत्र नमुन्यादाखल देते : ‘तुझे पत्र पावले. माझी २१, २२ व २३ एकदमच मिळाली हे वाचून बरे वाटले. काम नेहमीप्रमाणे. प्रकृती ठीक. काळजी करू नये.’ कचेरीतल्या कागदांवर घालावा तसा प्रत्येक पत्रावर क्रमांक आहे. विसाव्यानंतर एकदम चोविसावे येते, पुढेही मधली काही नाहीत. टपालात गहाळ झाली असावीत. अशा कोरड्या माणसासाठी आईने जन्म काढला याचा मला संताप येतो. धाकटा भाऊ म्हणतो की पत्रे संग्रहालयाला द्यावीत. मला ती जाळून टाकावीशी वाटतात. काय करू?”

उत्तर :

जाळू नका. एकोणतिसावे पत्र पुन्हा एकदा हातात घ्या, कारण तुम्ही ते कोरडेपणाचा पुरावा म्हणून उतरवून पाठवलेत आणि त्यात काय लिहिले आहे तेच वाचायचे राहिले. एकविसावे, बाविसावे आणि तेविसावे पत्र आईला मिळाले होते. मिळाल्याचे तिने कळवले होते आणि ते वाचून वडिलांना बरे वाटले होते. मग गठ्ठ्यात विसाव्यानंतर एकदम चोविसावे कसे येते? ती तीन पत्रे टपालात हरवलेली नाहीत. ती तुमच्या घरी पोहोचली, वाचली गेली आणि त्यानंतर कधीतरी गठ्ठ्यातून बाहेर काढली गेली. वाळवी पत्रे निवडून खात नाही. ज्या कपाटाची किल्ली आयुष्यभर आईजवळ होती, त्या कपाटातली पत्रे निवडून काढणारी व्यक्तीही तीच असणार.

क्रमांक घालण्याची पद्धत त्या युद्धात अनेक घरांनी पाळली, आणि तिच्यात कचेरीचे काही नव्हते. आघाडीवरचे टपाल क्रमाने येत नसे. तुकडी एका धावपट्टीवरून दुसरीकडे हलली की पत्रे मागे राहत, आणि मग कधी तीन-चार एकदम येत, तर कधी बरेच दिवस काहीच येत नसे. पत्रावर आकडा असला की घरच्या माणसाला कळे, मधले एखादे यायचे आहे, मौन पडलेले नाही. वडील कोणते पत्र पोहोचले आणि कोणते नाही याचा हिशेब ठेवत होते, आणि आई तो त्यांना न चुकता कळवत होती.

त्यांचे दिवस कसे जात असतील याचाही विचार करा. १९४४ मध्ये आपल्या हवाई दलाची हरिकेन विमाने ब्रह्मदेशाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आराकानच्या जंगलावरून अगदी खालून उडत जपानी सैन्याचा माग काढीत, छायाचित्रे घेत, आणि ब्रह्मदेशात लढणाऱ्या ब्रिटिशांच्या चौदाव्या सेनेचा त्या टेहळणीवर मोठा भरवसा होता. विमान सज्ज करून वैमानिकाच्या हवाली करायचे आणि ते परत येईपर्यंत आकाशाकडे पाहत थांबायचे, हे फिटरचे काम. यातले काहीही घरी लिहिता येत नसे. ठिकाण, तुकडी, विमानांची संख्या, कोण परतले नाही, हे सगळे वर्ज्य होते. पत्र बंद न करता आपल्याच तुकडीतल्या अधिकाऱ्याकडे तपासणीला द्यावे लागे, आणि भारतीय सैनिकांच्या पत्रांतले उतारे इंग्रजीत उतरवून त्यांच्या मनःस्थितीचे अहवालही सरकार नियमित तयार करून घेत असे. ‘काम नेहमीप्रमाणे’ या दोन शब्दांचा अर्थ या पार्श्वभूमीवर लावला पाहिजे.

तरीही सगळा दोष तपासणीवर ढकलून मी तुमचे समाधान करणार नाही. बायकोवर प्रेम आहे असे लिहायला कोणत्याही अधिकाऱ्याने बंदी घातली नव्हती. परक्या माणसाच्या नजरेखालून जाणाऱ्या कागदावर ते लिहायला पुष्कळांची लेखणी धजत नसे, पण एखाद्या दिवशी धजतही असे. तुमच्या वडिलांची धजली होती की नाही हे मला ठाऊक नाही, आणि तुम्हालाही ते कळण्याचा मार्ग आता उरलेला नाही. जी पत्रे हाती नाहीत ती गोड होती असे मानून चालू नये, तसेच जी हाती आहेत त्यांवरून माणसाचा निकालही लावू नये. काढून घेतलेल्या पत्रांत भांडण असेल, भीती असेल, मृत्यूची बातमी असेल किंवा नुकत्याच लग्न झालेल्या दोघांनी एकमेकांना लिहावे ते सारे असेल. ते काय होते हे आईला माहीत होते, आणि ते मुलांच्या हाती पडू नये असे तिने ठरवले.

मला तुमचा राग येतो तो इथे. आईचा कैवार घेताना तुम्ही तिला अगदी बिचारी करून टाकली आहे : नवऱ्याने दोन गोड शब्दही लिहिले नाहीत आणि ती मुकाट्याने सोसत राहिली. ज्या बाईने वडिलांच्या मागे एवढी वर्षे तो गठ्ठा जपला, त्यातली आपल्यापुरती पत्रे बाजूला काढली आणि उरलेली क्रमाने लावून ठेवली, ती बाई बिचारी नव्हती. आपल्या संसारातले मुलांना किती दाखवायचे याचा निर्णय तिने स्वतः घेतला होता. तुम्ही उरलेले जाळायला निघालात तर जे तिने मुद्दाम ठेवले, ते तुम्ही नष्ट कराल. हा अपमान मात्र खरोखर तिचा होईल.

भावाचे म्हणणे बरोबर आहे. त्या सरकारी अहवालांत आपल्या सैनिकांची वाक्ये बहुतेक इंग्रजी उताऱ्यांच्या रूपानेच उरली, म्हणून एका फिटरने मराठीत लिहिलेल्या अस्सल पत्रांचे मोल फार मोठे आहे. या महिन्यातच दोघे मिळून बसा, पत्रे क्रमाने लावा आणि यादी करा. जे आकडे नाहीत तेही यादीत लिहा, त्यांच्यापुढची जागा मोकळी सोडा आणि गठ्ठा यादीसह संग्रहालयाला द्या. नसलेली पत्रे शोधण्यासाठी आईच्या पेट्या उपसू नका, नातेवाइकांकडे चौकशीही करू नका. संग्रहालयातल्या कोणी विचारलेच, तर ती टपालात हरवली असे सांगू नका. आईने काढून घेतली, असे सांगा.