आधी बोट सांगा

हाताला मुंग्या येतात, हात बधिर पडतो, अशी तक्रार कळवणाऱ्या बहुतेक पत्रांत एक गोष्ट राहून जाते: नेमकी कोणती बोटं? हातात तीन मुख्य नसा उतरतात आणि प्रत्येकीचा इलाखा ठरलेला आहे. बोट कळलं की नस कळते आणि नस कळली की ती कुठे दबली असावी याचा अंदाज येतो. खालच्या उत्तरांत आम्ही वारंवार बोटांकडेच वळलो आहोत, ते यासाठी.

प्रश्न : वय ४६. खानावळीसाठी रोज शंभरेक पोळ्या लाटते. चार महिन्यांपासून रात्री उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग येते. हात झटकला की बरं वाटतं. करंगळीला काही होत नाही. ‘ताकदीची’ दहा इंजेक्शनं झाली, फरक नाही. आता मानेचा एमआरआय काढायला सांगितलाय. काढू का? (सांगली)

आत्ताच नको, ताई. रात्री जाग येणं, झटकल्यावर बरं वाटणं आणि करंगळी मोकळी असणं, या तिन्ही गोष्टी मनगटाकडे बोट दाखवतात. मनगटाच्या हाडांवर एक जाड आडवा पट्टा असतो. त्याखालच्या अरुंद बोगद्यातून बोटांचे नऊ स्नायुबंध आणि मीडियन नावाची नस जाते. आत थोडी जरी सूज आली तरी सगळ्यांत आधी नस दबते. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. झोपेत आपण मनगट दुमडतो, त्यामुळे बोगद्यातला दाब वाढतो, म्हणून त्रास रात्रीचा.

घरी दोन गोष्टी बघा. अनामिकेच्या दोन्ही कडांवरून कापसाचा बोळा फिरवा. मधल्या बोटाकडची कड बधिर आणि करंगळीकडची नीट असेल, तर दोष मनगटात असण्याची शक्यता फार मोठी. मग दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून, बोटं खाली सोडून, मनगटं ६० सेकंद दुमडून ठेवा. तेवढ्यात मुंग्या आल्या तर संशय आणखी बळकट होतो. तळहाताचा मनगटाजवळचा भाग मात्र या आजारात बधिर होत नाही, कारण त्या भागाची शाखा बोगद्याबाहेरून जाते. तोही बधिर असेल तर कारण वेगळं शोधावं लागतं.

उपचार मनगटाला बाहेरून बांधायच्या पट्ट्यापासून सुरू होतो. औषधाच्या दुकानात मिळणारे बरेच पट्टे मनगट मागे वाकवून धरतात. आतली धातूची पट्टी काढून सरळ करा आणि परत घाला. मनगट ना पुढे, ना मागे. हा पट्टा रोज रात्री, किमान सहा आठवडे. चार दिवसांत फरक नाही म्हणून तो कपाटात टाकणं ही नेहमीची चूक. दिवसा लाटणं जाड घ्या, ओटा उंच वाटत असेल तर पायाखाली पाट घ्या म्हणजे मनगट वाकणार नाही, आणि वीस-पंचवीस पोळ्यांनंतर दोन मिनिटं हात मोकळा सोडा.

रक्ताच्या दोन तपासण्या मात्र करून घ्या: टीएसएच (थायरॉइडची) आणि साखर. थायरॉइड कमी असेल तर बोगद्यात सूज धरते आणि तिथे पट्टा एकटा पुरत नाही. गरोदरपणात हा त्रास सुरू झालेल्या बायकांचा तो बाळंतपणानंतर बहुधा आपोआप ओसरतो.

पट्ट्याने भागलं नाही तर बोगद्यात स्टेरॉइडचं एक इंजेक्शन देतात. आराम काही आठवडे ते काही महिने टिकतो. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर चढते, ती मोजत राहा. अंगठ्याखालचा मांसल उंचवटा चपटा दिसू लागला, सुई-बटणं हातातून सुटू लागली किंवा बधिरपणा दिवसरात्र राहू लागला, तर थांबू नका. तेव्हा नसेच्या वेगाची तपासणी (एनसीव्ही) करून शस्त्रक्रियेचा विचार करावा. त्यात बोगद्यावरचा तो आडवा पट्टा कापून नस मोकळी करतात. बहुतेक वेळा फक्त हात बधिर करून होते, त्याच दिवशी घरी जाता येतं, टाके १० ते १४ दिवसांनी निघतात. रात्रीच्या मुंग्या लवकर जातात. तळहात दाबल्यावर दुखणं आणि पकडीतली कमजोरी दोन-तीन महिने राहू शकते, तेवढे दिवस कणीक दुसऱ्या कुणीतरी मळावी. स्नायू पूर्ण वाळल्यावर केलेली शस्त्रक्रिया गेलेली ताकद परत देईलच असं नाही. म्हणूनच इंजेक्शनांत वर्ष घालवू नये असं आम्ही कळकळीने सांगतो.

प्रश्न : वय २४. डाव्या करंगळीला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येतात, विशेषतः फोनवर बोलताना. (पुणे)

ही अल्नर नस, कोपराच्या आतल्या बाजूने जाणारी. कोपर आपटलं की झिणझिणी उठते ती हीच. कोपर काटकोनापेक्षा जास्त दुमडलं की ती ताणली जाते. फोन कानाला लावणं, टेबलावर कोपर टेकवून बसणं, हात उशीखाली दुमडून झोपणं, तिन्ही बंद करा. बोलायला इअरफोन वापरा. रात्री कोपराभोवती जाडसर टॉवेल गुंडाळून सैलसर बांधा, म्हणजे ते दुमडणार नाही. सहा ते आठ आठवडे द्या.

हाताच्या पाठीवर करंगळीकडची बाजूही बधिर असेल तर नस कोपरापाशी दबली असणार. ती बाजू नीट असेल तर मनगटापाशी. लांबवर सायकल चालवणाऱ्यांत हँडलच्या दाबाने असं होतं. अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये कागद धरून कुणालातरी ओढायला सांगा. कागद धरताना अंगठ्याचं टोक दुमडत असेल तर स्नायू कमजोर झालाय. मग टॉवेलवर विसंबू नका, डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : वय ५८, शाकाहारी. बारा वर्षं मधुमेह, मेटफॉर्मिन चालू. दोन्ही हातांना मुंग्या. सगळे म्हणतात साखरेमुळे. (नाशिक)

पायांचं तुम्ही लिहिलं नाहीत. मधुमेहाचा बधिरपणा पायाच्या बोटांपासून सुरू होतो आणि तो गुडघ्याच्या आसपास चढला की मग हातांची बोटं धरतो. पाय ठीक आणि हात बधिर असतील तर सगळं साखरेवर ढकलू नका. मधुमेह्यांत वर सांगितलेला मनगटाचा आजारही बराच आढळतो, त्यामुळे आधी बोटं तपासा.

तुमच्याबाबत बी-१२ बघायलाच हवं. शाकाहार आणि बरीच वर्षं मेटफॉर्मिन, दोन्हींनी ते कमी होतं. ॲसिडिटीची गोळी रोज घेत असाल तर तिसरं कारण. रक्ताची तपासणी इंजेक्शन घेण्याआधी करा; नंतर आकडा वर दिसतो आणि त्याचा अर्थ लावता येत नाही. २०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता. २०० ते ३०० मध्ये असेल तर होमोसिस्टीन (बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारा घटक) तपासून खात्री करतात. उपचारात सहसा १००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शनं आधी जवळजवळ, मग आठवड्याला, मग महिन्याला, असा क्रम असतो. बी-१२ न बघता नुसतं फॉलिक ॲसिड घेऊ नका: रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांचं नुकसान आतून चालूच राहतं. मेटफॉर्मिन मनाने बंद करू नका. दूध, दही, ताक नेमाने घ्या. स्पिरुलिनातलं बी-१२ शरीराला फारसं उपयोगी पडत नाही.

आणखी एक. ‘नसांच्या’ दोन-तीन वेगवेगळ्या गोळ्या एकत्र घेत असाल तर पाकिटांवरचं पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-६, बेरजेने किती होतं ते पाहा. दिवसाला १०० मिलिग्रॅमच्या वर दीर्घकाळ गेलं तर तेच नसा बिघडवू शकतं. प्रीगॅबालिनसारख्या गोळ्या आग आणि वेदना कमी करतात, गेलेली संवेदना आणत नाहीत.

प्रश्न : वडील ५२ वर्षांचे, शेती करतात. उजवी करंगळी बधिर आणि वाकू लागली आहे. चुलीचा चटका बसला तरी कळला नाही. दंडावर फिकट चट्टा आहे. (चंद्रपूर जिल्हा)

हे पत्र वाचताच उत्तर द्यावंसं वाटलं. याच आठवड्यात त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. फिकट चट्टा, करंगळीचा बधिरपणा आणि न कळलेला चटका एकत्र दिसले की कुष्ठरोग तपासलाच पाहिजे. डॉक्टर चट्ट्यावर कापसाचा स्पर्श कळतो का पाहतील आणि कोपरामागची नस चाचपतील. या आजारात ती दोरीसारखी जाड लागते.

निदान ठरलं तर बहुविध औषधोपचार सरकारी केंद्रात मोफत मिळतो; आजाराच्या प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने. त्यातल्या रिफॅम्पिसिनने लघवी लालसर होते, क्लोफाझिमिनने कातडी काळवंडते. दोन्ही अपेक्षित आहे, घाबरून गोळ्या सोडू नयेत. उपचार सुरू झाल्यावर संसर्ग पसरण्याची शक्ती झपाट्याने संपते, त्यामुळे ताट-वाटी किंवा अंथरूण वेगळं करायचं काही कारण नाही. घरच्या माणसांनाही तपासून रिफॅम्पिसिनचा एक डोस देतात.

घाई कशासाठी, ते सांगतो. नसेचं काम बिघडून सहा महिन्यांच्या आत असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे दिलेल्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने ते परतण्याची चांगली आशा असते. नंतर ती कमी होत जाते. तोवर हात रोज १५-२० मिनिटं साध्या पाण्यात भिजवा, ओलसर असतानाच खोबरेल तेल लावा, दुसऱ्या हाताने करंगळी सरळ करत राहा. गरम भांडं जाड फडक्याशिवाय धरू नये; विळा-कुदळीच्या दांड्याला कापड गुंडाळावं. रोज संध्याकाळी घरच्या कुणीतरी त्यांचा हात उजेडात नीट पाहावा, कारण जखम झाली तरी त्यांना कळणार नाही.

प्रश्न : मानेच्या एमआरआयमध्ये ‘चकती सरकली’ असं आलंय. मधल्या बोटाला मुंग्या येतात. शस्त्रक्रिया लागेल का? वय ६१. (ठाणे)

एवढ्यावरून नाही. या वयात काहीच तक्रार नसलेल्या बहुतेकांच्या एमआरआयमध्येही चकत्यांची झीज दिसते. मानेतली सातवी नस दबली तर मधलं बोट धरतं, पण सोबत मान किंवा पाठीचा फऱ्याचा भाग दुखतो, आणि हात डोक्यावर ठेवला की आराम पडतो. असं असेल तर वेदनाशामक गोळ्या, फिजिओथेरपी आणि ६ ते १२ आठवडे धीर. मानेचा पट्टा आठवड्या-दोन आठवड्यांच्या वर नको, स्नायू ढिले पडतात. मात्र शर्टाची बटणं लावणं अवघड होणं, चालताना तोल जाणं किंवा लघवीवरचा ताबा सुटणं यांतलं काहीही सुरू झालं तर मज्जारज्जू दबल्याचा संशय असतो. तेव्हा वाट पाहायची नाही.

प्रश्न : हात अचानक बधिर झाला तर? (बेळगाव)

काही क्षणांत एका बाजूचा हात बधिर किंवा लुळा पडला, चेहरा वाकडा झाला, बोलणं अडखळलं, तर तो पक्षाघात समजा. लगेच १०८ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात चला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला ती वेळ लिहून घ्या. वाटेत पाणी, चहा, गोळी काहीही तोंडात घालू नका; गिळता आलं नाही तर ते श्वासनलिकेत जातं. तक्रार दहा मिनिटांत आपोआप गेली तरी त्याच दिवशी दाखवा.