चार बोटं वर घे आणि थांब

प्रिय,

परवा तू म्हणालीस, "पेशंट उचलायचं ते लिफ्टचं यंत्र आणून लावेपर्यंत आम्ही दोघी मिळून पेशंटला खुर्चीत बसवतोसुद्धा." बसवता, मान्य. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. आता खाली वाकून चप्पल घालताना कंबर त्याचा हिशेब मागते. अमेरिकेतल्या नायॉश या कामगारांच्या सुरक्षिततेवर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या संशोधकाने २००७ मध्ये हाताने पेशंट उचलण्याची मर्यादा मांडली: ३५ पौंड, म्हणजे जेमतेम १६ किलो. तीही सगळं अनुकूल असताना. शंभर किलोच्या माणसाचा एक पायच साधारण तेवढा भरतो.

उभं करणारी लिफ्ट फक्त पायावर थोडाफार भार घेऊ शकणाऱ्या आणि सांगितलेलं समजणाऱ्या पेशंटसाठी. बाकीच्यांना पूर्ण अंगाची स्लिंग, म्हणजे लिफ्टला टांगायची कापडी झोळी. तिची शिलाई उसवली असेल, हुकात अडकवायचा पट्टीचा फास, म्हणजे लूप, झिजला असेल किंवा लेबल वाचता येत नसेल तर ती वापरू नकोस, मग कुणी कितीही घाई करो. लिफ्ट, स्लिंग टांगायचा बार आणि स्लिंग यांची वजनमर्यादा वेगवेगळी असू शकते. त्यातली सगळ्यांत कमी तीच धरायची.

पलंगाला आणि खुर्चीला ब्रेक हवाच. लिफ्टची चाकं मात्र उचलताना बहुधा मोकळी ठेवतात, म्हणजे ती सरकून आपोआप भाराच्या मध्यावर येते. तुमच्या यंत्राच्या माहितीपुस्तिकेत काय लिहिलंय ते वाच. (ती पुस्तिका कपाटात कुठेतरी असेल, शोध.) लिफ्टचे पाय पूर्ण फाकव, नाहीतर ती कलंडू शकते.

आता खरी गोष्ट. पेशंटचं अंग गादीपासून चार बोटं सुटलं की थांब. चारही लूप हुकात नीट बसलेत का? डावी-उजवीकडे एकाच रंगाचे आहेत का? मांडीखाली चुणी पडलीय का? इथे चूक सापडली तर पेशंट गादीवरच परत येतो. पुढे सापडली तर खाली फरशी असते. लिफ्ट हळू चालते म्हणून तुम्ही वैतागता, पण हे थांबणं हाताने उचलताना मिळतच नाही.

त्या वेळी त्याच्या चेहऱ्याकडेही बघ. अधांतरी लोंबकळणाऱ्या माणसाला काय वाटतं, हे आपण विचारतच नाही. या आठवड्यात मैत्रिणीला सांगून तू स्वतःच स्लिंगमध्ये बस. पाय सुटले की पोटात गोळा येईल. तेव्हा समोर कुणी उभं असावंसं वाटलं, की बाजूला, ते मला कळव.

तुझी,
सिस्टर