धोरण ठरले, पण टीमचे काम जुन्याच वाटेने

प्रश्न : मी नांदेडला संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात आहे आणि लातूरच्या एका छोट्या कंपनीत इंटर्नशिप करतो. कंपनी आडत्यांसाठी हिशेबाचे अ‍ॅप बनवते. मालकांनी प्रॉडक्ट स्ट्रॅटेजी, म्हणजे उत्पादनाने कोणासाठी काय साधायचे याचे धोरण, समजावून सांगितली, तरी टीमचे काम पूर्वीसारखेच चालते. मला प्रॉडक्ट मॅनेजर (उत्पादनात काय आणि आधी कोणते बनवायचे हे ठरवणारा) व्हायचे आहे. एमबीए करावे का?

उत्तर : तुमच्या नजरेला जे खटकले, ते सोडवणे हेच प्रॉडक्ट मॅनेजरचे निम्मे काम असते. यंदा कोणती कामे करायची नाहीत हे कोणी स्पष्ट सांगत नाही, म्हणून धोरण बहुधा टीमपर्यंत पोहोचत नाही. समजा, शेतकऱ्याला माल विकल्याच्या दिवशीच बिनचूक हिशेबपट्टी मिळावी, असे तुमच्या कंपनीचे धोरण आहे. आणि सोमवारच्या बैठकीत एका बड्या आडत्याने मागितलेला हवामान अंदाजाचा स्क्रीन यादीत सर्वांत वर आला. मग हमाली-तोलाई वजा करतानाची चूक ज्या डेव्हलपरने दुरुस्त करायची, त्याचा आठवडा त्या स्क्रीनवरच जाणार.

अँडी ग्रोव्ह यांनी इंटेल या चिप बनवणाऱ्या कंपनीत रुजवलेली आणि गुंतवणूकदार जॉन डोअर यांनी १९९९ मध्ये गूगलमध्ये नेलेली ओकेआर (ऑब्जेक्टिव्ह्ज अँड की रिझल्ट्स, म्हणजे उद्दिष्टे आणि मुख्य निकाल) पद्धत इथे उपयोगी पडते. त्यात तिमाहीचे मोजके उद्दिष्ट ठरवून ते गाठले की नाही हे आकड्यांत दाखवणारे निकाल लिहितात. 'स्क्रीन तयार झाला' हे केवळ काम उरकणे. 'त्याच दिवशी निघणाऱ्या पट्ट्यांचे प्रमाण वाढले' हा निकाल. (तक्ता भरून तिमाहीभर न उघडणाऱ्या कंपन्याही पुष्कळ असतात.)

सोयाबीनची आवक जोरात असताना, मालकांच्या परवानगीने, बाजार समितीत एखाद्या मुनिमाशेजारी दोन दिवस बसा आणि तो अ‍ॅप बाजूला सारून वही केव्हा उघडतो, हे टिपून घ्या. नंतर टीमच्या यादीतील प्रत्येक कामापुढे ते कोणत्या निकालासाठी आहे, ते लिहा. ज्या कामांपुढची जागा रिकामी राहील, ती स्वतः खोडू नका, मालकांसमोर ठेवा; इंटर्नने धोरण शिकवलेले वरिष्ठांना रुचत नाही, टिपणे मात्र ते वाचतात.

पदवीनंतर लगेच प्रॉडक्ट मॅनेजरचे पद मिळणे अवघड असते. त्यामुळे आधी पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात डेव्हलपर, बिझनेस अ‍ॅनालिस्ट किंवा कस्टमर सपोर्टची नोकरी धरा आणि मुलाखतीत ही टिपणे दाखवा. एमबीएने मोठ्या कंपन्यांच्या कॅम्पस भरतीत शिरकाव होतो हे खरे, परंतु त्यासाठी लाखांचे कर्ज काढायचे की नाही, हे दोन-तीन वर्षे काम केल्यावर ठरवावे, असे माझे मत आहे.